वंशावळीतले हिरवे-लाल ठिपके ओळखू येत नाहीत तेव्हा

दरवर्षी मे महिन्यात हा फोन येतोच. बारावीचा निकाल, सीईटी, मग जात पडताळणीची धावपळ, आणि त्यात कुणीतरी म्हणतं, "भाऊ, वंशावळीत काहीच समजून नाही राहिलं. सगळे ठिपके एकसारखेच दिसते." दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे घरच्यांचा प्रश्न असो की गावातल्यांचा, शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतो.

आमच्या घराण्याची वंशावळ चार वर्षांपूर्वी एका ऑनलाइन साधनावर टाकली. आज त्यात दीडशेवर माणसं आहेत आणि सात-आठ जण भर घालतात. प्रत्येक नावापुढे मोहरीएवढा गोल ठिपका असतो. हिरवा म्हणजे कागद सापडला, मग तो कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा असो, शाळेचा दाखलखारीज असो की जमिनीचा फेरफार. पिवळा म्हणजे तोंडी माहिती. लाल साधन स्वतःच देतं, तारखांचा मेळ बसला नाही की.

ठिपके कळले नाहीत तर नुसते डोळे दुखत नाहीत, खिसाही दुखतो. दुसऱ्या वर्षी आमचे दोन भाऊ एकाच आजोबांच्या एकाच नोंदीसाठी आठवड्याच्या अंतराने तहसीलला जाऊन आले. दोघांनी नकलेचे पैसे भरले. नोंद आधीच हिरवी होती. दुसऱ्याला ती पिवळी वाटली.

मी दरवर्षी एक कारण शोधून दुरुस्त करायचो आणि मिशीवर ताव द्यायचो. पुढच्या मे महिन्यात तक्रार पुन्हा हजर. कारणं एकापेक्षा जास्त होती आणि ती एकमेकांच्या आड लपली होती, हे कळायला तीन उन्हाळे गेले. म्हणून आता तपासायचा क्रम ठरवून टाकला आहे.

आधी स्क्रीनशॉट, मग फोटो

तक्रार करणाऱ्याला दोन गोष्टी मागा. वंशावळ उघडी असताना त्याच्या फोनचा स्क्रीनशॉट, आणि तीच स्क्रीन दुसऱ्या फोनने काढलेला फोटो. स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि एवढासा ठिपका फिस्कटतो.

हे दोन का, तर नाइट लाइटसारखा रंगाचा पडदा फोन शेवटच्या क्षणी, काचेवर चढवतो. बहुतेक फोनमध्ये तो स्क्रीनशॉटात येत नाही, पण बाहेरून काढलेल्या फोटोत येतो. तेव्हा स्क्रीनशॉट स्वच्छ आणि फोटो पिवळट असेल, तर दोष फोनच्या सेटिंगचा. दोन्ही बिघडलेले असतील, तर ब्राउझर किंवा साधनाचे रंगच कच्चे. आणि दोन्ही आपल्याला नीट दिसत असतील पण पाठवणाऱ्याला दिसत नसतील, तर गोष्ट डोळ्यांवर येते. ती जरा जपून विचारावी लागते.

फोनमधलं निघालं तर काम सोपं आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये नाइट लाइट बंद करून पाहा. काही कंपन्या त्यालाच आय कम्फर्ट किंवा रीडिंग मोड म्हणतात. तो निळा उजेड कमी करतो, पांढरी पाटी पिवळसर होते आणि पिवळा ठिपका तिच्यात विरघळून जातो. पोरं रात्रीसाठी ते लावून देतात आणि दिवसा बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरं म्हणजे ब्राउझरचा सक्तीचा डार्क मोड. त्यात पानाचे रंग उलटतात, पण सगळीच चिन्हं सारखी उलटत नाहीत. मग वरची रंगांच्या अर्थाची सूची एक रंग सांगते आणि खालचा ठिपका दुसरा. वंशावळीचं पान उघडं असेपर्यंत तरी तो बंद ठेवा. तिसरं आमचं ऊन. मे महिन्यात भर दुपारी अंगणात उभं राहून हिरवा-पिवळा कुणालाच कळत नाही. छपरीत या, ब्राइटनेस वाढवा, मग बोला.

पिवळा ठिपका मुळातच कच्चा

डिस्प्ले ठीक करूनही तक्रार राहिली तेव्हा मी रंगांचं गणित पाहिलं. वेब सर्वांना वाचता यावं म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत. त्यांच्या २०१८ मधल्या २.१ आवृत्तीनुसार अर्थ सांगणारं चिन्ह आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ३ ला १ एवढा फरक हवा, नेहमीच्या मजकुरासाठी ४.५ ला १. शुद्ध पिवळा पांढऱ्यावर ठेवला तर हा फरक भरतो १.०७. म्हणजे नसल्यातच जमा. नारिंगीही २ च्या आतच. गडद हिरवा ५ च्या वर जातो आणि शुद्ध लाल ४ च्या आसपास, म्हणून ते दोन पांढऱ्यावर उठून दिसतात.

पण आता लाल आणि गडद हिरवा एकमेकांशेजारी ठेवा. त्यांच्यातला फरक साधारण १.२८. डोळ्यांना रंग वेगळे कळतात तोवर ठीक. रंग काढून घेतला की दोन्ही जवळपास एकाच काळपटपणाचे करडे ठिपके होतात. आणि आमच्याकडे रंग काढून घेणारं यंत्र चौकाचौकात आहे, झेरॉक्सचं. पडताळणीची फाईल घेऊन पोरगा यवतमाळला गेला, वंशावळीचं पान काळ्या-पांढऱ्यात छापलेलं, आणि बापाने फोनवर विचारलं, "लाल कोन्ते आहे ते सांग." काय सांगणार तो!

घरबसल्या याची चाचणी होते. नव्या अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कलर करेक्शन, तिथे ग्रेस्केलचा पर्याय आहे. तो लावून वंशावळ उघडा. करड्यातही कोणतं नाव पक्कं आणि कोणतं कच्चं हे कळलं तर तुमची वंशावळ झेरॉक्सला टिकेल. आमची नापास झाली. ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर सूचनेसाठी झाडाचं हिरवं पान असतं, ते मला याच कारणासाठी आवडतं. रंग गेला तरी पान पानासारखंच दिसतं. आमच्या साधनात मात्र तिन्ही ठिपके गोल, नुसते गोल.

मावसभावाची गोष्ट

माझा मावसभाऊ आमच्यातला सगळ्यात मेहनती. दाखलखारीजची पानं तोच शोधतो, आणि चुकाही त्याच्याच जास्त. आम्ही त्याला धांदरट म्हणायचो. त्याचा स्क्रीनशॉट स्वच्छ, फोटो स्वच्छ, फोन माझ्यापेक्षा भारी. शेवटी त्याला माझ्या टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, यातले लाल दाखव. त्याने तीन लाल आणि दोन हिरवे दाखवले, अगदी खात्रीने.

मग मामांची आठवण झाली. मामा रेल्वेत लागणार होते आणि मेडिकलमध्ये डोळ्यांवरून परत आले, ही घरातली जुनी गोष्ट. चष्मा तर त्यांना कधीच नव्हता. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा हा प्रकार बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरून येतो. बाईकडे दोन एक्स असल्याने तिला सहसा त्रास होत नाही, पण ती तो पुढे देऊ शकते. पुरुषाकडे एकच एक्स असतो, आईकडून आलेला. म्हणजे आमच्या आजीकडून मामाला आला, आणि तिच्याच लेकीकडून, मावशीकडून, मावसभावाला. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारामागे साधारण एकाला हा दोष असतो, बायकांत दोनशेत एखादीला. वंशावळ करायला बसलो आणि जे कोणत्याच कागदात नव्हतं ते असं हाती लागलं.

अशा माणसासाठी कलर करेक्शनमध्येच ड्युटेरॅनॉमली, प्रोटॅनॉमली, ट्रायटॅनॉमली असे पर्याय आहेत. पहिले दोन लाल-हिरव्यासाठी, तिसरा निळ्या-पिवळ्यासाठी. एकेक लावून पाहायचा आणि ज्यात फरक स्पष्ट होईल तो ठेवायचा. मावसभावाला पहिल्याने बरंच सोपं गेलं, पण फोटो पाहताना माणसांचे चेहरे विचित्र दिसतात म्हणून तो ते बंद करतो आणि मग चालू करायचं विसरतो. म्हणजे हाही पूर्ण इलाज नाही. कंप्यूटरवर बसणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये कलर फिल्टर आहेत. त्यांचा शॉर्टकट एकदा सेटिंगमधून सुरू केला की विंडोज, कंट्रोल आणि सी या तीन बटणांनी फिल्टर लावता-काढता येतो, ते बरं पडतं.

म्हाताऱ्यांचं वेगळं. मोतीबिंदू चढत गेला की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आणि निळा-जांभळा असल्या जोड्यांमध्ये गल्लत व्हायला लागते. मोठे बाबा ऑपरेशन करून आल्यावर म्हणाले, "आभाय एवढं निळं असते काय बे?" त्यांच्या तक्रारी त्या वर्षी निम्म्यावर आल्या, आणि मी उगाच श्रेय घेतलं.

दिसत होतं, अर्थ वेगळा होता

आता खरी मेख. फोन ठीक, डोळे ठीक, तरी मोठे बाबा पोरांना नको त्या कामाला पाठवायचे. एकदा त्यांच्याजवळ बसून विचारलं की हिरवा म्हणजे काय. "जिवंत," ते म्हणाले. "अन् लाल म्हणजे गेलेले. पिवळे म्हणजे आमच्यासारखे, पिकलं पान." तीन वर्षं त्यांनी त्याच हिशेबाने वंशावळ वाचली. १९३० च्या आसपास वारलेल्या खापरपणजोबांचा ठिपका कोतवाल बुकाच्या नकलेमुळे हिरवा होता. मी विचारलं, हे कसे जिवंत? ते म्हणाले, "मले वाटलं तुमची मशीन चुकली असन. म्हाताऱ्यानं कायले बोलावं."

आत्याबाईंचं तर त्याहून पुढचं. त्यांच्या मते बाईच्या नावापुढचा लाल ठिपका म्हणजे कुंकू. आजीच्या नावापुढे लाल होता, ती अहेव, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेली, तेव्हा मशीनला बरोबर माहीत आहे. आजीचा लाल खरं तर तिच्या दोन लेकरांच्या जन्मतारखांमुळे होता. पण आत्याबाईंनी त्यात पूर्ण तर्क शोधला होता आणि एक आक्षेपही घेतला होता: "मोठ्या आईले पिवळा काऊन? तेही अहेवच गेली ना." हा आक्षेप मी तेव्हा हसण्यावारी नेला. त्याच्याकडे पुढे परत येतो.

शिकलेल्यांतही एकमत नव्हतं. पुण्यातला चुलतभाऊ हिरवा ठिपका तेव्हाच द्यायचा, जेव्हा नोंद पडताळणीला उपयोगी असेल. जातीच्या पुराव्याला मानीव दिनांक असतो, म्हणजे कागद त्या तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. आम्ही शेवटच्यात मोडतो. त्यामुळे १९७२ चा शाळेचा दाखला त्याच्या लेखी पिवळाच. मी मात्र कोणताही कागद सापडला की हिरवा करत होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि वंशावळीत खिचडी. आमच्या त्या दोन भावांनी तहसीलला जो दुहेरी फेरा मारला, त्यामागे डोळे कमी आणि ही खिचडी जास्त होती, असं आता मला वाटतं.

तेव्हा ही चौकशी मी आता स्क्रीनशॉटच्याही आधी करतो. "कोणता रंग दिसतो" हे विचारायच्या आधी "हिरवा म्हणजे काय" हे विचारा. दोन मिनिटं लागतात.

काय करून पाहिलं आणि काय टिकलं

पहिला प्रयोग फसला तो सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी आडनावाच्या रकान्यातच "पक्कं" असं लिहून ठेवलं. ठिपक्याची गरजच नको. झालं काय, शोधात नावं सापडेनात, साधन जुळणारी माणसं सुचवतं ते बंद पडलं, आणि एकाच आजोबांच्या दोन प्रती झाल्या, एक आडनावाचे आणि एक पक्कं आडनावाचे. नावाच्या रकान्यात नावाशिवाय काही लिहू नका.

दुसरा प्रयोग गूगल शीटचा. नावापुढे हिरवं, पिवळं, लाल गोल इमोजी टाकलं. गावातल्या जुन्या फोनांवर लाल दिसायचं, हिरवं-पिवळं म्हणजे नुसता रिकामा चौकोन. लाल आणि निळं गोल युनिकोडमध्ये २०१० मध्ये आले, हिरवं, पिवळं, नारिंगी २०१९ मध्ये. त्याआधीच्या फोनला ते माहीतच नसतात. व्हॉट्सॲपमध्ये तीच यादी बरोबर दिसते, कारण ते इमोजीची चित्रं स्वतःची वापरतं. यामुळे "माझ्याकडे तर दिसते" हा वाद आठवडाभर चालला.

टिकलं ते साधं. शीटमध्ये "स्थिती" नावाचा रकाना, त्यात शब्द: कागद आहे, कागद जुना आहे, तोंडी, घोळ. "कागद जुना आहे" म्हणजे मानीव दिनांकाच्या आधीचा. चुलतभावाचा प्रश्न त्यात सुटला. शब्द यादीतूनच निवडायचे, म्हणजे कुणी "बरोबर", "ओके", "ठिक" असं आपल्या मनाने लिहीत नाही. रंग काढला नाही, सेलला फिका रंग राहू दिला, पण तो शब्दावरून आपोआप येतो. हाताने रंगवायची परवानगी कुणालाच नाही, मलाही नाही. साधनात हेच शब्द टिपणात टाकले. ठिपका आहे तिथेच आहे, त्याच्याकडे आता कुणी फारसं पाहत नाही.

वंशावळ एका साधनातून दुसरीकडे न्यायची असेल तर हे अजून उपयोगी पडतं. त्यासाठी जी जेडकॉम फाइल वापरतात, तिच्यात ठिपक्याचा रंग जाईलच असं धरून चालू नका. टीप जाते. शिवाय पुराव्याच्या भरवशासाठी तिच्यात ० ते ३ असा आकडा ठेवायची सोय आहे, ० म्हणजे बेभरवशाचा आणि ३ म्हणजे थेट मूळ पुरावा. तुमचं साधन तो आकडा भरू देत असेल तर भरा.

लाल ठिपक्यांची मात्र एक जात अशी आहे की ती कोणत्याही उपायाने जात नाही. जुन्या शाळांमध्ये गुरुजी जन्मतारीख अंदाजाने लिहायचे आणि १ जून त्यांच्या आवडीची. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ आहेत, एकाची तारीख १ जून १९५१, दुसऱ्याची १ जानेवारी १९५२. सात महिन्यांचं अंतर, साधन बोंब मारणारच. हाच तो आजीचा लाल ठिपका. तारीख "दुरुस्त" करायचा मोह होतो, पण करू नका. शाळेच्या कागदावर जे आहे तेच वंशावळीत राहू द्या, नाहीतर पडताळणीत कागद आणि वंशावळ वेगळं बोलतील. टिपणात "शाळेची तारीख" लिहा आणि ती सूचना बाजूला सारायची सोय असेल तर कारण देऊन सारा. लग्नात बाईचं नाव बदलल्याने दोनदा पडलेल्या नोंदी हा वेगळा विषय आहे. त्याही लाल होतात, पण एकत्र केल्या की शांत होतात.

आत्याबाईंचा आक्षेप

शब्दांचा रकाना झाल्यावर आत्याबाईंना शीट वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "अहेव गेली ते कुठं लिहिलं? कुंकू तर काढून टाकलं तुम्ही." त्यांचं मन राखायला अजून एक रकाना टाकला, "अहेव". त्या नावं सांगत गेल्या, मी भरत गेलो. त्यांची मोठी आई, म्हणजे माझी चुलत आजी, आली आणि मी थांबलो. शीटमध्ये तिचा मृत्यू १९६८, तोंडी. नवऱ्याचा १९६१, कागद जुना आहे. ती अहेव गेली असेल तर १९६८ कसं?

"अबे, तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "म्या पाह्यलं आहे."

नवऱ्याच्या मृत्यूनंतरचा १९६२ चा फेरफार काढला. नक्कल दोन वर्षांपासून माझ्याच कपाटात होती, हिरवा ठिपका देऊन ठेवलेली. वारसांत तीन मुलगे आणि दोन मुली आहेत. बायकोचं नाव नाही. हयात असती तर त्या यादीत ती असायला हवी होती. मी ते पान दहादा पाहिलं असेल, पण त्यात कोण नाही हे कधी पाहिलं नव्हतं. १९६८ हे साल कुणी सांगितलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही. नोंदीत "१९६१ पूर्वी" असं लिहिलं आहे, स्थिती तोंडी, टिपणात फेरफाराचा उल्लेख, आणि अहेवच्या रकान्यात "होय, आत्याबाई".